टेस्ला कॉइल : तारेच्या जाडीने काय बदलते?

परभणी जिल्ह्यातील विहिरींवर थ्री-फेज कृषिपंप चालतात, ते निकोला टेस्ला यांच्या इंडक्शन मोटरमुळे. १८५६ मध्ये आजच्या क्रोएशियात जन्मलेल्या टेस्ला यांना १८८८ मध्ये तिचे पेटंट मिळाले. १८९१ मध्ये त्यांनी टेस्ला कॉइल बनवली.

तिच्या प्रायमरी वेटोळ्यात मोजकेच वेढे असतात. व्यास व वेढे तेच ठेवून तार जाड किंवा पट्टी रुंद घेतली, की इंडक्टन्स, म्हणजे प्रवाहातील बदलाला होणारा विरोध, घटतो. मग वारंवारता वाढते, सेकंडरीशी मेळ बिघडतो आणि ठिणगी आखूड होते.

१८९९ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला सुमारे १५ मीटर व्यासाच्या प्रायमरीवर टेस्ला हाच मेळ साधत होते. पुढे पैसा संपला. ७ जानेवारी १९४३ रोजी न्यूयॉर्कमधील हॉटेलच्या खोलीत त्यांचे निधन झाले.