चित्रकार महादेव विश्वनाथ धुरंधर

सतराव्या शतकात हॉलंडच्या चित्रकारांनी दूध ओतणारी, पत्र वाचणारी साधी स्त्री चित्रांत आणली. आपल्याकडे हे कार्य ज्यांनी केले, त्यांत धुरंधरांचे नाव अग्रगण्य होय.

त्यांचा जन्म १८६७ साली कोल्हापुरास झाला. १८९० मध्ये ते मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले व पुढे तेथेच शिक्षक झाले. १८९५ साली त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. पुराणप्रसंग त्यांनी पुष्कळ रंगविले; परंतु नित्याच्या जीवनावरील त्यांची दृष्टी कधी ढळली नाही.

ऑटो रॉथफील्ड ह्या सरकारी अधिकाऱ्याच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ ह्या १९२० सालच्या ग्रंथासाठी त्यांनी नाना प्रांतींच्या स्त्रिया चितारल्या. कष्टकरी व वनवासी स्त्रियांनाही त्यात स्थान मिळाले. ग्रंथातील वर्णन परक्या नजरेचे व जातवार असले, तरी धुरंधरांच्या कुंचल्याने प्रत्येकीला तिची ऐट व तिची प्रतिष्ठा दिली, असे आम्हांस वाटते.

१९४४ साली ते निवर्तले. त्यांची कन्या अंबिका हीदेखील त्याच कलाशाळेत शिकून चित्रकर्ती झाली. ज्या घरात स्त्री चित्राचा विषय होती, तेथेच तिने कुंचला हाती घेतला. विद्यार्थ्यांनो, आज घरी गेल्यावर कामात मग्न असलेल्या आपल्या आईकडे आपण क्षणभर नीट पाहू या.