मैहरच्या बाबांचा वाद्यवृंद

उस्ताद अल्लाउद्दीन खाँ म्हटले की पंडित रविशंकर, अली अकबर खाँ, अन्नपूर्णादेवी, पन्नालाल घोष, निखिल बॅनर्जी अशी थोर शिष्यमंडळी आठवतात. पण बाबांचे आणखी काही शिष्य असे होते, की ज्यांना घराणे तर नव्हतेच, घरही उरले नव्हते.

बाबा मूळचे पूर्व बंगालमधील शिवपूरचे. गाण्याच्या ओढीने लहानपणीच घर सोडून ते कलकत्त्याला आले. नुलो गोपाल यांच्याकडे त्यांनी गळ्याची तालीम घेतली. गुरू गेल्यावर ते वाद्यांकडे वळले. हाबू दत्त यांच्याकडे त्यांनी निरनिराळी वाद्ये हाताळली, तर व्हायोलिन ते लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडे शिकले. मिनर्व्हा थिएटरच्या वादकांत नोकरीही केली. पुष्कळ वाद्ये एकत्र कशी नांदतात, हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. पुढे रामपूरला वजीर खाँसाहेबांची विद्या मिळवण्यासाठी त्यांनी फार हाल सोसले.

1918 च्या सुमारास मैहरचे महाराज बृजनाथसिंह यांनी त्यांना दरबारी बोलावले. त्या काळात साथीच्या रोगाने परिसरात पुष्कळ मुले पोरकी झाली होती. बाबांनी अशी मुले गोळा केली आणि त्यांचा वाद्यवृंद उभा केला. सतार, सरोद, व्हायोलिन, हार्मोनियम, तबला अशी देशी-विलायती वाद्ये त्यात एकत्र आली. बंदुकांच्या नळ्या कापून बाबांनी नलतरंग नावाचे नवे वाद्यही घडवले. जीव घेणारी वस्तू मुलांच्या हातात सुरेल झाली!

मुलांना अक्षरओळखही बेताचीच. म्हणून बाबा रागांवरच्या रचना ऐकवून, घोकून घेऊन पाठ करवीत. शिस्त कडक आणि रागही मोठा. पण ज्याला कोणी नव्हते त्याला पोटाचा आधार आणि हातात कला मिळाली. एकट्याने वाजवताना चूक झाली तर ती आपल्यापुरती राहते. वृंदात मात्र शेजाऱ्याचा सूर ऐकावा लागतो, आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते आणि लय सर्वांची मिळून सांभाळावी लागते. पोरक्या मुलांना याहून चांगला परिवार कोणता मिळणार?

बाबा 1935 मध्ये उदय शंकर यांच्या पथकाबरोबर युरोपला गेले, पुढे पद्मविभूषणही झाले. पण राहिले मैहरलाच. पाच वेळा नमाज पढणारे बाबा शारदामातेचेही निस्सीम भक्त होते. 6 सप्टेंबर 1972 रोजी ते गेले. त्यांचा वाद्यवृंद मात्र पुढेही वाजत राहिला.

आपल्या घरांतली मुले आज तबला, पेटी, कीबोर्ड शिकतात; पण बहुतेक एकेकटी, परीक्षेपुरती. शाळेत आणि मंडळात त्यांना आठवड्यातून एकदा तरी एकत्र बसवून वाजवू द्यावे. सगळेच उस्ताद होणार नाहीत. पण दुसऱ्याचे ऐकून मग आपला सूर लावायला शिकतील. बाप्पाच्या आरतीला तरी आपण दुसरे काय करतो?