मल्हाररावांचे निशाण

धुळे जिल्ह्यातील नरडाणा हे गाव मोठ्या मोक्याच्या ठिकाणी वसले आहे. मुंबईहून आग्र्यास जाणारी सडक या गावावरून उत्तरेकडे निघते, शिरपूरजवळ तापी ओलांडते आणि सातपुड्याचा घाट चढून इंदूरच्या मुलखात शिरते. सुरत-भुसावळ लोहमार्गही येथूनच जातो. त्या मार्गाने पश्चिमेस गेले म्हणजे दोंडाईचा व नंदुरबार ही गावे लागतात आणि नंदुरबारच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, तळोदे येते. सुमारे तीनशे वर्षांपूर्वी या तळोद्याच्या रानात मेंढरे राखणारा एक मुलगा पुढे इंदूरच्या राज्याचा संस्थापक झाला. सुभेदार मल्हारराव होळकर ते हेच.

मल्हाररावांचा जन्म 1693 साली नीरा नदीकाठच्या होळ या गावी एका धनगर कुटुंबात झाला. गावाच्या नावावरून घराण्यास होळकर हे आडनाव पडले. वडील खंडोजी हे मल्हारीच्या अगदी लहानपणीच वारले. भाऊबंदांच्या जाचाला कंटाळून आईने मुलाला उराशी धरले आणि खानदेशची वाट धरली. तळोद्यास तिचे बंधू भोजराज बारगळ राहत असत. त्यांनी बहिणीला व भाच्याला आधार दिला.

मामांच्या घरी मल्हारीच्या वाट्याला मेंढरांचा कळप आला. एकदा दुपारी तो रानात झोपी गेला असता एका नागाने त्याच्या मुखावर फणा धरून सावली केली, अशी कथा सांगतात. माणूस मोठा झाल्यावर त्याच्या बालपणाभोवती अशा कथा गुंफल्या जातातच. नागाचे काहीही असो, ऊन, वारा आणि पाऊस अंगावर घेत त्या मुलाने सारे रान पायाखाली घातले होते, हे मात्र खरे. कळपाला पाणी कोठे मिळेल, चोरवाट कोणती, रात्री कोणत्या दिशेने धोका येईल, हे मेंढपाळाला ओळखावे लागते. पुढे घोडदळाच्या सरदारालाही हेच ओळखावे लागले.

भोजराजांच्या पदरी घोडेस्वारांचे एक लहानसे पथक होते. ते कंठाजी कदमबांडे या सरदारांच्या चाकरीत असे. कदमबांडे हे सेनापती दाभाड्यांच्या बाजूचे मोठे सरदार होते. गुजराथेपर्यंत त्यांच्या स्वाऱ्या जात. भाच्याचे मन मेंढरांत रमत नाही, हे मामांच्या ध्यानी आले व त्यांनी त्याला पथकात घेतले. मल्हारीने थोड्याच काळात भाला आणि घोडा दोन्ही वश केले. त्याचा पराक्रम पाहून भोजराजांनी आपली कन्या गौतमाबाई त्याला दिली. पुढे पहिल्या बाजीराव पेशव्यांची दृष्टी या तरुण स्वारावर गेली आणि मल्हारराव पेशव्यांच्या सेवेत शिरले.

आता स्वतःचे पथक उभारावयाचे म्हणजे स्वतःचे निशाण हवे. त्या काळी निशाण हे केवळ शोभेचे वस्त्र नव्हते. धुळीने आकाश झाकले गेले असता आपले लोक कोणत्या बाजूस आहेत, हे शिपायाला त्यावरूनच कळे. निशाण पडले की फौजेचा धीर खचे. जगात इतरत्रही हीच रीत होती. जपान देशात सामुराई नावाच्या योद्ध्यांची घराणी होती. प्रत्येक घराण्याचे स्वतंत्र चिन्ह असे. त्यास मोन म्हणत. तोकुगावा घराण्याच्या चिन्हात वर्तुळामध्ये तीन पाने होती, तर सानादा घराण्याच्या चिन्हात सहा नाणी होती. आपल्या वैतरणीसारखी एक नदी मृत्यूनंतर ओलांडावी लागते, अशी तिकडे समजूत होती. त्या नदीच्या उतारासाठी द्यावयाची ही नाणी! मरणाची तयारी करूनच रणात उतरलो आहोत, हे ते योद्धे चिन्हावरून सांगत. घराण्याचे चिन्ह म्हणजे घराण्याचा अभिमान. म्हणून ज्याला नवे घराणे उभारावयाचे, तो नवे चिन्ह शोधणार, हे स्वाभाविकच होते.

मल्हाररावांनी तसे केले नाही. कदमबांड्यांचे लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे त्रिकोणी निशाण हेच त्यांनी आपले निशाण केले. ज्यांच्या चाकरीत आपण प्रथम घोड्यावर बसलो, त्यांचे उपकार या कृतीने त्यांनी कायमचे मान्य केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने मध्य हिंदुस्थानाची हकिगत लिहिली. तीतही या निशाणाचा उल्लेख आहे.

हे ऋण पाळणे पुढे सोपे राहिले नाही. 1731 साली डभईच्या लढाईत बाजीराव आणि सेनापती दाभाडे समोरासमोर आले. कदमबांडे दाभाड्यांच्या पक्षात होते. म्हणजे मल्हाररावांचे जुने धनी त्यांच्या नव्या धन्याचे शत्रू झाले. मल्हारराव बाजीरावांशी एकनिष्ठ राहिले. पण आपले निशाण त्यांनी बदलले नाही.

त्या निशाणाखाली त्यांनी मोठी कर्तबगारी गाजविली. 1728 साली पालखेड येथे बाजीरावांनी निजामास कोंडले, तेव्हा शत्रूची रसद तोडण्याच्या कामी मल्हाररावांचे स्वार पुढे होते. निजामाच्या तोफा अवजड, तर मराठ्यांची घोडी चपळ. निजामाच्या छावणीत दाणापाण्याचे हाल झाले आणि त्याला तह करावा लागला. पुढे माळव्याची वाटणी शिंदे, होळकर व पवार या सरदारांत झाली आणि होळकरांचे राज्य उभे राहिले. 1758 साली मल्हाररावांनी रघुनाथरावांबरोबर थेट लाहोरपर्यंत धडक मारली.

मल्हाररावांच्या हातून चुकाही झाल्या. 1757 साली दिल्लीत नजीबखान रोहिला मराठ्यांच्या तावडीत सापडला असता मल्हाररावांनी रदबदली करून त्यास सोडविले. त्याच नजीबखानाने पुढे अब्दालीस साहाय्य केले. पानिपतावर 1761 साली मल्हारराव आपली फौज घेऊन रणांगणातून बाहेर पडले, याबद्दलही अनेकांनी त्यांना दोष दिला आहे. जड तोफखाना व बुणगे मागे ठेवून गनिमी काव्याने लढावे, हा त्यांचा सल्ला पूर्वीच डावलला गेला होता. लढाई हरली असता उरलेले सैन्य वाचविणे हेही सेनापतीचे काम आहे, असे त्यांच्या बाजूने म्हणता येते. दोष संपूर्ण पुसता येत नाही, तसा तो सगळा त्यांच्याच माथी मारणेही न्यायाचे नाही.

मात्र त्यांच्या धैर्याची खरी कसोटी पानिपताच्या आधीच लागली होती. मार्च 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात किल्ल्यावरून आलेल्या गोळ्याने त्यांचा एकुलता एक पुत्र खंडेराव ठार झाला. साठी उलटलेल्या पित्यावर आकाशच कोसळले. त्यातच सून अहिल्याबाई सती जावयास निघाली. त्या काळी कोणीही तिला अडविले नसते. उलट तिचा गौरवच झाला असता. परंतु मल्हाररावांनी आपले दुःख बाजूस सारून तिची विनवणी केली. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, अशा अर्थाचे बोलून त्यांनी तिला परावृत्त केले. ते केवळ सांत्वनाचे शब्द नव्हते. मल्हारराव मोहिमेवर गेले म्हणजे दौलतीचा कारभार अहिल्याबाई पाहत. छावणीतून सासऱ्यांची पत्रे येत आणि तोफा, दारूगोळा, वसुली यांविषयीच्या आज्ञा त्या चोख पार पाडीत. ज्या समाजात विधवेचे तोंड पाहणे अशुभ मानीत, त्या समाजात एका वृद्ध सरदाराने आपल्या विधवा सुनेच्या हाती तोफखान्याची व्यवस्था सोपविली.

20 मे 1766 रोजी उत्तरेत आलमपूर येथे मल्हाररावांनी देह ठेवला. तेथे अहिल्याबाईंनी त्यांची छत्री उभारली. नातू मालेराव गादीवर आला, परंतु वर्षभरातच तोही मरण पावला. मग अहिल्याबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली, नर्मदाकाठी महेश्वर येथे राहून अठ्ठावीस वर्षे कारभार केला आणि फौजेचे आधिपत्य तुकोजी होळकरांस दिले. त्या फौजेपुढे कदमबांड्यांचे तेच लाल-पांढरे निशाण चालत असे.