ओहम यांचा भागाकार

प्रॅक्टिकलच्या वहीत मी कितीदा तरी मांडलंय : २३० व्होल्टवर इस्त्री ५ अँपिअर धारा घेते, तर २३० भागिले ५, रोध ४६ ओहम, २३० गुणिले ५, शक्ती ११५० वॅट. यातला भागाकार ज्यांच्यामुळे आपल्याला मिळाला, ते गेऑर्ग ओहम १७८९ साली जर्मनीतल्या एर्लांगेन गावी जन्मले. वडील कुलपं बनवत. स्वतःच्या बळावर शिकलेले, मुलांनाही गणित त्यांनीच शिकवलं.

कोलोनच्या शाळेत शिकवता शिकवता ओहम प्रयोग करत. बॅटरीचं विभवांतर एकसारखं राहीना, म्हणून त्यांनी तांबं आणि बिस्मथ यांची जोडी घेतली : एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. मग वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून धारा मोजली. १८२७ साली पुस्तक निघालं. मायदेशात फारशी कदर झाली नाही. हवी ती प्राध्यापकी मिळेना, होती ती नोकरीही त्यांनी सोडली.

१८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं. म्युनिकची प्राध्यापकी १८५२ मध्ये मिळाली, आणि १८५४ मध्ये ते वारले. रोधाच्या एककाला त्यांचं नाव पॅरिसच्या परिषदेत १८८१ साली मिळालं.

मला एवढंच वाटतं, कुणी विचारत नव्हतं तेव्हाही त्यांचा भागाकार बरोबरच होता.