गीतरामायणाचा जन्म : कै. ग. दि. माडगूळकर यांचे अल्पचरित्र

रामनवमीच्या सकाळी गीतरामायणातील एखादे तरी पद कानी पडले नाही, असे मराठी घर विरळाच. आजीला ही पदे मुखोद्गत असतात, नातवंडांना त्यांच्या चाली ठाऊक असतात. परंतु ही पदे कोणत्या परिस्थितीत रचली गेली आणि ती रचणारा पुरुष कोणत्या वाटेने तेथवर आला, हे आपल्या तरुण पिढीस फारसे माहीत नसते. दरवर्षी या स्मरणिकेत आपण परीक्षांत यशस्वी झालेल्या मुलामुलींची नावे अभिमानाने छापतो. त्याच पानांत, ज्यास मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण होता आले नाही अशा एका थोर कवीचे चरित्र यंदा वाचकांपुढे ठेवीत आहोत. त्यातील औचित्य सुज्ञ वाचकांच्या ध्यानी शेवटी येईलच.

गजानन दिगंबर माडगूळकर यांचा जन्म १ ऑक्टोबर १९१९ रोजी शेटफळे या खेड्यात झाला. आज हे गाव सांगली जिल्ह्यात मोडते. त्या काळी तो मुलूख औंध संस्थानात होता. त्यांच्या जन्माची एक कथा सांगितली जाते. मूल जन्मले ते रडेना, हालचाल करीना. ते गेले असे समजून पुढची तयारी सुरू झाली. तेवढ्यात सुइणीने अखेरचा उपाय म्हणून बाळाच्या बेंबीजवळ विस्तव नेला आणि त्या धगीने बाळाने टाहो फोडला. ज्या कंठाने पुढे साऱ्या महाराष्ट्रास गाणे दिले, त्याचा पहिला स्वर असा निखाऱ्याच्या आचेने उमटला.

घरची स्थिती बेताची होती. वडील संस्थानात कारकून. पगार तुटपुंजा आणि खाणारी तोंडे पुष्कळ. मातोश्री बनूताई यांच्या जिभेवर मात ओव्यांचे भांडार होते. पहाटेच्या जात्याची घरघर, माणदेशातील भजनी मंडळ्या, देवळातील कीर्तन, जत्रेतील तमाशा आणि शाहिरांचा डफ, हीच त्या मुलाची खरी पाठशाळा. आटपाडी, कुंडल व औंध येथे त्यांचे शिक्षण झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार व कीर्तनकार होते. त्यांनी रामकथा चित्रांत उतरवून १९१६ साली चित्ररामायण प्रसिद्ध केले होते. ज्या संस्थानात राजाने रामायण रंगांत रेखाटले, त्याच संस्थानातील एका कारकुनाच्या मुलाने पुढे ते गीतांत गुंफावे, हा योगायोग मोठा विलक्षण होय.

मॅट्रिकच्या परीक्षेत गणिताने दगा दिला. कॉलेजची वाट बंद झाली, आणि त्या काळच्या गरीब घरात याचा अर्थ काय होता, हे वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. सरकारी नोकरीची आशा खुंटली. घरास हातभार लावणे तर अगत्याचे होते. हा विशीच्या आतला तरुण मग कोल्हापुरास आला. कोल्हापूर त्या वेळी चित्रपटांचे माहेरघर होते. मास्टर विनायक यांच्या हंस पिक्चर्सच्या ‘ब्रह्मचारी’ या १९३८ सालच्या बोलपटात त्यांना किरकोळ काम मिळाले. वि. स. खांडेकरांचे लेखनिक म्हणूनही त्यांनी काम केले. खांडेकर सांगत व हे उतरवून घेत. त्या निमित्ताने उत्तमोत्तम ग्रंथ हाती आले. जे शिक्षण विद्यापीठाने नाकारले, ते अशा रीतीने त्यांनी आडवाटेने मिळविले.

१९४२ साली ‘भक्त दामाजी’ व ‘पहिला पाळणा’ या चित्रपटांसाठी त्यांनी गीते लिहिली. तो चले जावच्या चळवळीचा काळ होता. कुंडल हे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचे एक मोठे केंद्र. त्या चळवळीसाठी माडगूळकरांनी पोवाडे रचले आणि शाहीर शंकरराव निकम यांनी ते गावोगाव गायिले. पुढे १९४७ साली राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ पडद्यावर आला. कथा, संवाद व गीते या तिन्ही अंगांत माडगूळकरांचा हात होता आणि संगीत वसंत देसाई यांचे होते. त्या चित्रपटात जुन्या शाहिराच्या मूळ रचनेशेजारी माडगूळकरांची नवी रचना अशी बेमालूम बसली की कोठे शाहीर संपतो व कोठे कवी सुरू होतो, हे सामान्य श्रोत्यास कळू नये.

महायुद्धानंतरच्या त्या दशकात मराठी गीताला बहर आला. दिग्दर्शक राजा परांजपे, संगीतकार सुधीर फडके व कवी माडगूळकर अशी त्रयी जमली. ‘पुढचं पाऊल’, ‘लाखाची गोष्ट’, ‘पेडगावचे शहाणे’, ‘ऊन पाऊस’ असे चित्रपट एकामागून एक आले. १९५३ सालच्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातील, आंब्याच्या वनात मोरास नाचावयास सांगणारे बालगीत याच लेखणीचे. त्यास पु. ल. देशपांडे यांनी चाल दिली व आशा भोसले यांनी ते गायिले. आज सत्तर वर्षांनंतरही बालवाडीतील मुले ते गातात.

असे असूनही त्यांच्या वाट्यास एक उणेपणा येत असे. चित्रपटासाठी गाणे लिहिणारा तो गीतकार, खरा कवी नव्हे, अशी एक समजूत त्या काळी विद्वज्जनांत रूढ होती. निर्माता प्रसंग सांगतो, संगीतकार चाल ऐकवितो आणि हा शब्द भरून देतो. त्यास काव्य कसे म्हणावे, असा तो आक्षेप. या आक्षेपास माडगूळकरांनी जे उत्तर दिले, ते वादविवादाने नव्हे, तर गीतरामायणाने होय.

त्या वेळची आकाशवाणीची स्थितीही येथे समजून घेतली पाहिजे. १९५२ साली डॉ. बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचे ते कट्टर अभिमानी. त्यांच्या कारकीर्दीत चित्रपटगीते आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली आणि त्या गीतांचे चाहते रेडिओ सिलोनकडे वळले. श्रोते परत यावेत, पण सुरांचा व शब्दांचा दर्जाही राहावा, असे काही नवे देण्याची निकड होती. पुण्यास १९५३ साली आकाशवाणी केंद्र सुरू झाले होते. तेथील अधिकारी सीताकांत लाड हे माडगूळकरांचे स्नेही. वर्षभर दर आठवड्यास एक गीत, असा मनोरंजक व उद्बोधक कार्यक्रम त्यांनी योजिला. माडगूळकरांनी त्यासाठी रामकथा घेतली आणि संगीताची धुरा सुधीर फडके यांच्याकडे आली. फडके यांचे पाळण्यातले नाव राम होते, हाही एक सुयोगच. ज्या आकाशवाणीने चित्रपटगीतास दार लावले, तिनेच चित्रपटाच्या कवीस व संगीतकारास सन्मानाने आत बोलाविले, यातील मर्म वाचकांनी ध्यानी घ्यावे.

१ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी हा आरंभाचा दिवस ठरला. पहिल्या गीताविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. माडगूळकरांनी गीत लिहून आधीच फडके यांच्या हवाली केले होते. परंतु ध्वनिमुद्रणाच्या वेळी तो कागदच सापडेना. दुसरी प्रत नव्हती. माडगूळकर संतापले. लाडांनी मात्र युक्ती केली. कागद व लेखणी ठेवलेल्या खोलीत त्यांनी कवीस बसविले, बाहेरून कडी लावली आणि गीत हाती पडेपर्यंत ती काढली नाही. पाऊण तासाचेही काम नव्हे, पाव तासातच गीत पुन्हा कागदावर उतरले, असे सांगतात. चित्रपटसृष्टीत मागेल तेव्हा मागेल ते लिहून देण्याची जी सवय कमीपणाची मानली जात होती, तीच त्या दिवशी कामी आली.

त्यानंतर शुक्रवारचा नेम सुरू झाला. सकाळी पावणेनऊला नवे गीत प्रसारित व्हावे, शनिवारी व रविवारी त्याची पुनरावृत्ती व्हावी, असा क्रम होता. एक गीत संपले की पुढच्या आठवड्याची चिंता उभी राही. पुण्यातील ‘पंचवटी’ या त्यांच्या घरी फडके गीताची वाट पाहत. शब्द हाती पडले की चाल, मग गायक-गायिकांची तालीम आणि लगेच ध्वनिमुद्रण, अशी धावपळ असे. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके, मालती पांडे, बबनराव नावडीकर आदी कलावंतांनी निरनिराळ्या पात्रांची गीते गायिली. मूळ योजना बावन्न गीतांची होती. त्या वर्षी अधिक मास आल्याने ती छप्पन्न झाली. १९ एप्रिल १९५६ च्या रामनवमीस मालिकेची सांगता झाली.

चोवीस सहस्र श्लोकांची वाल्मीकींची कथा छप्पन्न पदांत आणणे सोपे नव्हते. माडगूळकरांनी कथा निवेदकाच्या तोंडी न घालता पात्रांच्याच तोंडी घातली. कौसल्या, दशरथ, शूर्पणखा, शबरी, हनुमान, सीता यांनी आपापली सुखदुःखे स्वतः सांगितली. आरंभी कुश व लव हे दोन बालक श्रीरामांपुढे गात आहेत, आणि गाणारे आपलेच पुत्र आहेत हे पित्यास ठाऊक नाही. शेवटच्या पदात महर्षी वाल्मीकी त्याच बालकांस रामकथा गावयास पाठवितात. म्हणजे शेवट पुन्हा आरंभाशी येऊन मिळतो.

या सर्व पदांत भरताचे सांत्वन करणारे श्रीरामांचे पद लोकांच्या हृदयात विशेष जाऊन बसले. महासागरात दोन ओंडके लाटेने एकत्र येतात व लाटेनेच दुरावतात, तशी माणसांची गाठ, हा दृष्टान्त मूळचा वाल्मीकींचा. माडगूळकरांनी तो अशा सोप्या मराठीत आणला की ज्या घरात दुःख घडले आहे, त्या घरात आजही या पदाचा आधार घेतला जातो. आपल्यापैकी कित्येकांनी तो अनुभव घेतला असेल. मागणीवरून लिहिलेले गीत काव्य होऊ शकते काय, या प्रश्नाचा निकाल अशा घरांनी केव्हाच दिला आहे.

त्या काळी रेडिओ घरोघरी नव्हता. ज्याच्याकडे असे, त्याच्या ओटीवर शेजारपाजार जमे. काही घरी रेडिओस हार घालून व उदबत्ती लावून लोक ऐकावयास बसत, असे जुनी मंडळी सांगत. वृत्तपत्रांतून गीते छापली जात आणि बायाबापड्या ती वहीत उतरून घेत. १९५७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे हिंदी, कन्नड, तेलुगू, बंगाली, संस्कृत आदी भाषांत त्यांची रूपांतरे झाली. सुधीर फडके यांनी अनेक वर्षे गावोगाव गीतरामायणाचे कार्यक्रम केले.

माडगूळकरांची लेखणी यानंतरही थांबली नाही. १९५७ सालच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या व्ही. शांताराम यांच्या गाजलेल्या चित्रपटाची कथा त्यांचीच. ‘जगाच्या पाठीवर’ व ‘प्रपंच’ या चित्रपटांतील पदांनी अभंगाची परंपरा पुन्हा जागविली. विठ्ठलास कुंभाराची उपमा देणारे ‘प्रपंच’मधील पद हरिदास कीर्तनात घेऊ लागले. १९६२ पासून बारा वर्षे ते महाराष्ट्र विधानपरिषदेचे सदस्य होते. १९६९ साली त्यांस पद्मश्री लाभली. १९७३ साली यवतमाळ येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. ज्यांस केवळ गीतकार म्हटले जाई, त्यांस साहित्याच्या सर्वोच्च व्यासपीठावर असे मानाचे आसन मिळाले. १४ डिसेंबर १९७७ रोजी पुणे येथे त्यांचे देहावसान झाले. वय अवघे अठ्ठावन्न होते.

परीक्षेतील यश हे गौरवास पात्रच आहे. त्याची थोरवी कमी करण्याचा आमचा हेतू नाही. तथापि, ज्या मुलाचे नाव यंदा या स्मरणिकेतील यादीत आले नाही, त्याच्या मातापित्यांनी हे चरित्र त्यास अवश्य वाचून दाखवावे. गणिताचा तो कागद कोरा राहिला. पण आईच्या ओव्या, देवळातील कीर्तन, लेखनिकाची नोकरी व चित्रपटातील राबणूक यांतून जे शिक्षण साठत गेले, ते बंद खोलीतील त्या पाव तासात उपयोगी पडले. आपल्या घरातील मुलाच्या ठायी असे काय साठत आहे, ते पाहण्याची दृष्टी श्रीराम आपणा सर्वांस देवो, हीच प्रार्थना.