जॉन बन्यन

जॉन बन्यन (बाप्तिस्मा: ३० नोव्हेंबर १६२८, एल्स्टो, मृत्यू: ३१ ऑगस्ट १६८८, लंडन) हे इंग्लंडमधील प्युरिटन धर्मोपदेशक व लेखक होते. त्यांच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस' (१६७८) या रूपककथेचे हरि केशवजी यांनी केलेले मराठी भाषांतर 'यात्रिकक्रमण' १८४१ मध्ये प्रसिद्ध झाले.

जीवन

वडिलांप्रमाणे बन्यनही भांडी दुरुस्त करीत. बाप्तिस्मा बालपणीच अँग्लिकन चर्चमध्ये झाला होता. प्रौढपणी ते बेडफर्ड येथील स्वतंत्र मंडळीत सामील झाले. राजमान्य चर्चबाहेर उपदेश केल्याबद्दल १६६० मध्ये त्यांना अटक झाली. उपदेश थांबवण्यास नकार दिल्याने त्यांना सुमारे १२ वर्षे तुरुंगवास घडला. १६७२ मध्ये ते मंडळीचे पाळक झाले.

बाप्तिस्म्याविषयीचा वाद

बेडफर्डच्या मंडळीत प्रवेशासाठी ख्रिस्तावरील श्रद्धा व तदनुरूप आचरण पुरेसे मानले जाई. विल्यम किफिन आदी बाप्टिस्ट पुढाऱ्यांना हे अमान्य होते. श्रद्धा स्वीकारल्यानंतर पाण्यात बुडून बाप्तिस्मा न घेतलेल्यांना प्रभुभोजनात सहभागी करू नये, असे त्यांचे मत होते. बन्यन यांनी १६७३ मध्ये ग्रंथ लिहून त्यांना उत्तर दिले. बाप्तिस्मा त्यांनी नाकारला नाही. मात्र देवाने स्वीकारलेल्यास मंडळीने दूर लोटू नये, असे प्रतिपादन केले. पंथवाचक नावांपेक्षा 'ख्रिस्ती' हेच नाव त्यांना पसंत होते. सभासदत्वाचा हा वाद बाप्टिस्ट मंडळ्यांत पुढेही चालू राहिला.

मृत्यू

एका पिता-पुत्रातील बेबनाव मिटवून लंडनकडे जाताना पावसात भिजल्याने ते तापाने आजारी पडले व त्यातच निधन पावले. लंडनच्या बनहिल फील्ड्स येथे त्यांचे दफन झाले.