भिंतीवरच्या चित्रांचे कलामहर्षी

छायाचित्रण आणि चित्रकला या दोन कलांमध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी फारसे सख्य नव्हते. कॅमेरा आपली रोजीरोटी हिरावून घेईल, अशी भीती अनेक चित्रकारांच्या मनात होती. तर यंत्राने टिपलेल्या प्रतिमेला कला म्हणावे की नाही, याविषयी जाणकारांत वाद होते. कोल्हापूरच्या एका स्वयंशिक्षित चित्रकाराने मात्र या वादात न पडता दोन्ही कला एकाच वेळी हाताळल्या. त्यांनी कॅमेरा घडवला, त्यातून चित्रपट साकारले आणि त्या चित्रपटांची रंगीत चित्रे स्वतःच्या हाताने रंगवून रस्त्यावरच्या भिंतींपर्यंत पोहोचवली. कलामहर्षी बाबूराव पेंटर यांचे नाव चित्रपटदिग्दर्शक म्हणून सर्वश्रुत आहे. त्यांच्या कर्तृत्वाची ही दुसरी बाजू तितकी परिचित नाही.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री यांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घरी कारागिरीची परंपरा होती. लाकूडकाम, कोरीवकाम, रंगकाम हे सारे डोळ्यांसमोर चालत असे. कोणत्याही कलाशाळेची पायरी न चढता बाबूरावांनी हे संस्कार आत्मसात केले. नात्याने भाऊ असलेले आनंदराव हे त्यांचे सहकारी आणि मार्गदर्शकही होते. संगीत नाटकांचा तो बहराचा काळ होता. राजवाडे, अरण्ये, नगरांचे मार्ग अशी दृश्ये रंगवलेल्या पडद्यांना नाटक मंडळ्यांकडून मोठी मागणी असे. १९१० ते १९१६ या काळात पश्चिम भारतातील आघाडीचे पडदे रंगविणारे कलावंत म्हणून या दोघा भावांची ख्याती झाली. मेस्त्री हे आडनाव मागे पडले आणि ‘पेंटर’ हीच ओळख कायमची चिकटली.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि या भावांना हलत्या चित्रांनी झपाटून टाकले. परदेशी कॅमेरा विकत घेणे आवाक्याबाहेर होते. तेव्हा तो स्वतःच तयार करावा, असा ध्यास त्यांनी घेतला. मुंबईहून आणलेल्या प्रक्षेपणयंत्राचा अभ्यास करून प्रयोग सुरू झाले. परंतु १९१६ साली आनंदरावांचे निधन झाले. तो आघात सोसून बाबूरावांनी विष्णुपंत दामले यांच्या साहाय्याने काम पुढे नेले आणि १९१८ साली कॅमेरा सिद्ध झाला. गायिका तानीबाई कागलकर यांनी भांडवल पुरवले आणि ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली.

या कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन चित्रपटगृहात झळकला. त्यातील कीचकवधाचे दृश्य इतके खरे वाटले की, ते पुढे वगळावे लागले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली. स्त्री-भूमिका पुरुषांनीच करण्याचा तो जमाना होता. बाबूरावांनी मात्र या चित्रपटात गुलाबबाई व अनसूयाबाई या दोन स्त्रियांना कॅमेऱ्यासमोर उभे केले.

नाटकाचा पडदा रंगवणाऱ्या या कलावंताने चित्रपटात पाऊल टाकताच पहिली गोष्ट केली ती रंगवलेला पडदा बाजूला सारण्याची. नाटकगृहात दुरून भव्य दिसणारा पडदा कॅमेऱ्यासमोर सपाट दिसतो, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी खांब, कमानी, भिंती असलेले घनाकार देखावे उभारले. त्या काळची फिल्म रंगांच्या बाबतीत पक्षपाती होती. तांबडा रंग तिच्यावर जवळजवळ काळा उमटे, तर आकाशाची निळाई पांढुरकी होऊन जाई. रंगांत विचार करणाऱ्या माणसाला आता छायाप्रकाशाच्या छटांत विचार करावा लागत होता. बाबूरावांनी देशी बनावटीचे परावर्तक वापरले आणि झिरझिरीत आवरणांतून प्रकाशाच्या पायऱ्या साधल्या. १९२३ सालच्या ‘सिंहगड’मध्ये कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. चित्रण सुरू होण्यापूर्वी पात्रे, पोशाख आणि हालचाली यांची रेखाटने ते तयार ठेवीत. प्रत्येक दृश्य आधी कागदावर जन्म घेत असे.

चित्रीकरणात अशा रीतीने हरवलेला रंग त्यांनी जाहिरातीत परत आणला. १९२१-२२ च्या सुमारास चित्रपटाची माहिती आणि त्यातील छायाचित्रे असलेल्या पुस्तिका त्यांनी काढल्या. अशा पुस्तिका काढण्याचा पहिला मान त्यांच्याकडे जातो. त्याचबरोबर आपल्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतः रंगवू लागले. पुस्तिकेतील छायाचित्र प्रसंगाची साक्ष देई, तर पोस्टरमधील चित्र त्या प्रसंगाचा भाव सांगे. पडद्यावरचा शालू करडा दिसला, तरी भिंतीवर तो आपल्या रंगात दिसत असे. मूकपटाच्या प्रेक्षकांत अक्षरओळख नसलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांना नुसत्या मजकुराच्या जाहिरातीचा काय उपयोग? रस्त्याने जाताना थबकून पाहावे आणि काय पाहायला मिळणार ते क्षणात उमजावे, हे काम या चित्रांनी केले. चित्रशाळेत किंवा दरबारात कधी पाऊल न टाकणाऱ्या सामान्य माणसाला कसलेल्या चित्रकाराची कला अशी भररस्त्यात विनामूल्य पाहायला मिळाली.

१९२५ सालच्या ‘सावकारी पाश’मध्ये त्यांनी पुराण आणि इतिहास सोडून सावकारी कर्जात जमीन गमावून शहराकडे वळलेल्या शेतकऱ्याची कहाणी मांडली. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील या चित्रपटात तरुण व्ही. शांताराम यांची भूमिका होती. अंधुक प्रकाशातील झोपडी आणि तिच्याजवळचे भुंकणारे कुत्रे एवढ्यावर दारिद्र्याचे चित्र उभे करणारी त्यातील चौकट पुढे दीर्घकाळ वाखाणली गेली. प्रेक्षकांनी मात्र त्या वेळी पाठ फिरवली आणि बाबूरावांना पुन्हा पोशाखी चित्रपटांकडे वळावे लागले.

१९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर हे त्यांच्या तालमीत तयार झालेले शिष्य बाहेर पडले आणि त्यांनी ‘प्रभात’ची स्थापना केली. पाठोपाठ बोलपट आला. १९३० साली बाबूरावांनी स्वतःच उभारलेली कंपनी सोडली आणि लवकरच ती बंद पडली. ‘उषा’, ‘प्रतिभा’ यांसारखे बोलपट आणि ‘सावकारी पाश’ची बोलती आवृत्ती त्यांनी दिग्दर्शित केली, तथापि ज्याने दृश्यातून बोलणे शिकवले, त्याला ध्वनीचे युग पूर्वीसारखे मानवले नाही. शांतारामांनी त्यांना ‘लोकशाहीर रामजोशी’साठी पुन्हा पाचारण केले. उत्तरायुष्यात चित्रकला आणि शिल्पकला यांचीच सोबत त्यांना अधिक होती. १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले.

त्यांच्या पश्चात जे उरले त्याचा हिशेब मन विषण्ण करतो. ‘सैरंध्री’ आज उपलब्ध नाही. मूकपट ज्या नायट्रेट फिल्मवर घेतले जात, ती सहज पेट घेणारी आणि काळाबरोबर कुजणारी होती. त्यामुळे बाबूरावांच्या मूकपटांतील फार थोडा भाग वाचला. पोस्टरांची गत याहून वेगळी नव्हती. पुढचा चित्रपट आला की जुन्या कागदावर नवा कागद डकवला जाई. उरलेल्याचा निकाल ऊन आणि पाऊस लावीत. जे जपून ठेवण्यासाठी नव्हतेच, ते जपले गेले नाही.

तरीही दैवगती विचित्र असते. १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’साठी त्यांनी केलेले पोस्टर शिल्लक राहिले असून, आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत त्याची गणना होते. चित्रपट पाहता येत नाही, पण त्याच्या जाहिरातीसाठी काढलेले चित्र पाहता येते. चार दिवसांच्या भिंतीसाठी केलेले काम, टिकावे म्हणून केलेल्या कामापेक्षा अधिक टिकले.

बाबूरावांनी घालून दिलेली वाट पुढे अनेकांनी चोखाळली. मकबूल फिदा हुसेन यांनी उमेदवारीच्या काळात मुंबईत चित्रपटांचे फलक रंगवले. चित्रपटातील छायाचित्रावर चौकोन आखायचे, तेच मोठ्या प्रमाणात कापडावर उतरवायचे आणि मग रंगांत आपल्या मनाचे भाव ओतायचे, या रीतीने असंख्य अनामिक पेंटरांनी शहरांचे रस्ते सजवले. १९९०च्या दशकापासून संगणकीय छपाईच्या फलकांनी त्यांच्या हातातील कुंचला काढून घेतला. आता चौकाचौकांत छायाचित्रे आहेत, पण त्यांवर चित्रकाराचा हात फिरलेला नसतो. यंत्र आणि हात यांच्यात निवड करण्याची गरज नाही, हे शंभर वर्षांपूर्वी कृतीने दाखवून देणारा हा कलावंत आयुष्यभर ‘पेंटर’ हेच नाव अभिमानाने मिरवत राहिला. त्यातच त्याच्या जीवनाचे सार सामावले आहे.